पेटींतला डोंगर : दरडी कां कोसळतात?

यवतमाळसारख्या जिल्ह्यांतील शाळेनें आपल्या वार्षिक प्रदर्शनांत दरड कोसळण्याचा देखावा मांडावा, ही गोष्ट कित्येक पालकांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटली. सह्याद्रि येथून शेंकडों मैल दूर. आपल्याकडे डोंगर म्हणावयाचे ते पुसद-उमरखेड भागांतील अजिंठा रांगेचे फाटे. बाकीचा मुलूख म्हणजे कापूस, ज्वारी व तूर यांचीं शेतें, मधून मधून खडकाळ माळ, दक्षिणेस पैनगंगेचें खोरें आणि ईशान्येस वर्धेचें. "आमच्याकडे कोठें डोंगर पडतो, गुरुजी?" असें एका शेतकरी गृहस्थांनीं देखाव्यासमोर उभें राहूनच आम्हांस विचारिलें. प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर त्या गर्दींत दोन शब्दांत देण्यासारखें नव्हतें. म्हणून तें येथें सविस्तर देत आहों.

दरड हा शब्दच पाहा. डोंगराच्या तुटलेल्या कडेस जशी दरड म्हणतात, तशीच नदीच्या उभ्या कांठासही म्हणतात. नवी विहीर खणतांना तिची कड ढांसळून मजूर गाडले जातात. दिवाळीपूर्वीं घरें सारवण्यासाठीं पांढरी माती आणावयास गेलेल्या बाया पोखरलेल्या कडेखालीं सांपडतात. अशा बातम्या महाराष्ट्रांत कोठून ना कोठून येतच असतात. वणी तालुक्यांत तर कोळशाच्या उघड्या खाणींतून उपसलेल्या माती-दगडांचे मानवनिर्मित डोंगरच उभे आहेत. हे सर्व ज्या नियमानें उभे राहतात त्याच नियमानें पडतात. तो नियम डोळ्यांनीं दिसावा, एवढाच आमच्या पेटीचा हेतु होता.

परंतु नियम सांगण्यापूर्वीं एका गांवाची हकीकत सांगितली पाहिजे. कारण तीच वाचून आमच्या नववीच्या मुलांनीं हा विषय निवडला. पुणें जिल्ह्यांत आंबेगांव तालुक्यांत, डिंभें धरणाच्या जलाशयाजवळ, माळीण नांवाचें महादेव कोळी लोकांचें लहानसें गांव डोंगराच्या पायथ्याशीं होतें. २०१४ सालच्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस तेथें सुमारें १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच, पाऊस पडला व पुढेंही तो थांबला नाहीं. ३० जुलैच्या सकाळीं गांवामागील टेंकडीचा उतार सुटला, आणि चिखल, दगड व झाडें यांचा लोंढा चाळीसहून अधिक घरांवर येऊन पडला. ही गोष्ट बाहेर कळली ती एस.टी.च्या एका चालकामुळें. तो नेहमींच्या रस्त्यानें गाडी घेऊन आला, आणि जेथें गांव असावयाचें तेथें त्यास चिखल दिसला. एकशें एक्कावन्न माणसें दगावलीं. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान कित्येक दिवस भर पावसांत चिखल उपसत होते. एक तीन महिन्यांचें तान्हें मूल आपल्या आईसह जिवंत निघालें. असे वांचलेले फार थोडे.

हें वाचल्यावर एका मुलानें विचारिलें कीं, तोच पाऊस शेजारच्या टेंकड्यांवरही पडला असेल. मग त्या कां उभ्या राहिल्या? आमच्या मतें सगळा विषय या एका प्रश्नांत आला. पाऊस हें कारण खरें, पण तें एकटें पुरेसें नाहीं.

खळ्यांत ज्वारीची रास घालतांना प्रत्येकानें पाहिलें असेल कीं, पायलीमागून पायली ओतली तरी रास एका ठराविक उतारापेक्षां उभट होत नाहीं. वरून ओतलेले दाणे घरंगळून खालीं येतात, रास रुंदावते, पण तिची बाजू तेवढीच कललेली राहते. सरकीची रास अधिक उभी राहते, मोहरीची अधिक पसरते. कोरड्या वाळूचा हा कोन सुमारें ३० ते ३५ अंशांचा असतो. शास्त्रज्ञ त्यास विश्रामकोन म्हणतात, आणि नांव मोठें समर्पक आहे. त्या उतारावर दाणा विसांवा घेतो. उतारावरील प्रत्येक कणाचें वजन दोन कामें करीत असतें. त्याचा कांहीं भाग कणास उताराच्या दिशेनें खालीं खेंचतो, व कांहीं भाग त्यास खालच्या कणावर दाबून धरतो. हा दाब जितका अधिक तितकें घर्षण अधिक. उतार वाढला कीं खेंच वाढते व दाब घटतो. खेंच घर्षणावर मात करूं लागली कीं कण सुटतो. डोंगराचेंही असेंच आहे. फरक इतकाच कीं, तेथें मातीच्या चिकटपणाची व झाडांच्या मुळांची मदत असते, म्हणून तो राशीपेक्षां उभट राहूं शकतो.

मग पाणी काय करितें? "पाण्यानें माती निसरडी होते" असें उत्तर बहुतेक मुलें देतात. त्यांत थोडें तथ्य आहे, पण मुख्य गोष्ट त्यांत नाहीं. ती मुख्य गोष्ट विहिरीवर पाणी ओढणाऱ्या प्रत्येक बाईस ठाऊक आहे. भरलेली बादली पाण्यांत असेपर्यंत हलकी लागते. पाण्याबाहेर येतांच दोर हातांस काचूं लागतो. पाणी वस्तूस खालून उचलून धरतें. डोंगराच्या पोटांत कणाकणांमधील फटी पाण्यानें भरल्या म्हणजे तेंच घडतें. पाण्याचा दाब कणांस एकमेकांपासून उचलतो. ते पूर्वीप्रमाणें एकमेकांवर घट्ट टेंकत नाहींत, आणि टेंकण्यावर अवलंबून असलेलें घर्षण तेवढ्या प्रमाणांत नाहींसें होतें. इकडे मातीचें एकंदर वजन मात्र पाण्यामुळें वाढलेलें असतें. खेंच वाढली आणि धरून ठेवणारा हात सैल झाला, असा हा दुहेरी प्रकार आहे.

थोडें पाणी मात्र याच्या उलट काम करितें. ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो, कोरड्या वाळूचा राहत नाहीं. कारण कणांमधील अल्पशा पाण्याचे पातळ पडदे त्यांस जवळ ओढून धरतात. त्याच किल्ल्यावर घागर ओता, तो तत्काळ बसतो. म्हणूनच वळिवाच्या सरींत जो कांठ भक्कम वाटतो, तोच आषाढ-श्रावणाच्या झडींत दगा देतो, आणि "गेल्या महिन्यांतही पाऊस झालाच होता कीं" हें समाधान फसवें ठरतें.

आतां आपल्या भूमीची रचना. पश्चिम महाराष्ट्राप्रमाणेंच यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टाचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले व थिजले. त्या थरांमध्यें कोठें कोठें तांबड्या चिकण मातीचा पट्टा सांपडतो. वरचा पाषाण ऊन-पावसानें कुजून त्याचा मुरूम होतो व मुरुमाची माती होते. मुरुमांतून पाणी सहज झिरपतें; खालचा अखंड पाषाण किंवा चिकण मातीचा पट्टा त्यास अडवितो. अडलेलें पाणी तेथेंच सांचतें, आणि वरचा थर खालच्यापासून सुटावयाचा तो याच सांध्यावर. आपली काळी माती तर अधिकच लहरी. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, व पावसाचें पाणी त्यांतून थेट खोल उतरतें. भिजली कीं ती फुगते आणि मऊ पडते. नाल्याच्या उभ्या कांठावर अशी भेग कांठाशीं समांतर पडली असेल, तर पुढचा तुकडा केव्हां सुटेल याचा नेम नाहीं.

पेटी कशी केली हें थोडें विस्तारानें सांगतों. कारण दुसऱ्या एखाद्या शाळेस ती करावीशी वाटली तर करितां यावी. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी ही पेटी. तिच्या दोन्ही लांब बाजू काचेच्या आहेत. डोंगराच्या पोटांत काय चालतें तें दिसल्यावांचून सगळा खटाटोप व्यर्थ होता. एक टोंक बिजागरीवर बसविलें व दुसरें विटा रचून उंच करितां येईल असें ठेविलें. उतार मोजण्यास कोनमापक व ओळंबा. तळाशीं फरशीचे खडबडीत तुकडे सिमेंटांत बसविले. तो आमचा पाषाण. त्यावर बोटभर चिकण माती, तिच्यावर चार बोटें मुरूम, आणि सर्वांत वर काळी माती. पेटीच्या मधोमध लांबीनें फळी घालून दोन भाग केले, व प्रदर्शनापूर्वीं तीन आठवडे एका भागांत गहूं आणि गवत पेरून दुसरा उघडा ठेविला. पायथ्याच्या फळीस तळाशीं भोंकें पाडून त्यांस लांकडी बुचें मारिलीं. काचेच्या आंतील बाजूस तळापासून वर येणाऱ्या पारदर्शक नळ्या उभ्या केल्या. मातींत पाणी जितकें चढेल तितकेंच तें नळींतही चढतें, आणि त्यांत थोडा तांबडा रंग टाकला म्हणजे मागच्या रांगेंतील आजीबाईंसही दिसतें. पायथ्याशीं मुलांनीं काड्यांच्या पेट्यांचीं घरें मांडलीं. एक शाळाही मांडली. पाऊस बागेंतल्या झारीचा.

प्रयोगापूर्वीं आम्ही जमलेल्या मंडळीस विचारीत असूं: घरें केव्हां जातील? पहिल्यानें कोरडी पेटी हळूहळू उचलली. ती पुष्कळ उभी होईपर्यंत कांहींच घडलें नाहीं व मंडळी कंटाळूं लागली. मग उतार बराच कमी केला आणि झारी धरली. माती काळवंडली, पाणी आंत मुरलें, सर्व शांत. "टिकला डोंगर," असें कोणी म्हणालेंही. परंतु नळींतील तांबडें पाणी बोटाबोटानें चढत होतें. झारी थांबविली, तरी तें चढतच राहिलें. कारण माथ्याकडील पाणी अजून खालीं उतरत होतें. थोड्या वेळानें माथ्याशीं एक बारीक आडवी भेग उघडली, पायथा किंचित् फुगला, आणि उघड्या भागांतील मुरूम व माती चिकण मातीच्या थरावरून एकदम घसरलीं. घरें गेलीं, शाळाही गेली. क्षणभर कोणी बोललें नाहीं. सगळ्या देखाव्यांत शिकण्याजोगा क्षण तोच होता, असें आम्हांस वाटतें. दरड पावसांतच येते असें नव्हे. पाऊस उघडल्यावर, लोक निर्धास्त होऊन घरीं परतल्यावरही ती येते.

दुसऱ्या खेपेस पाणी निम्मेंच घातलें, पण आधीं पायथ्याचा तुकडा खुरप्यानें कापून तेथें "रस्ता" केला. या वेळीं डोंगर पहिल्यापेक्षां पुष्कळ लवकर उतरला. पायथ्याची माती वरच्या मातीस टेंकू देत असते. टेंकू काढला कीं वरचा भार कोणावर? घाटांतल्या रस्त्यांवर कापलेल्या कडेस दगडी भिंत व जाळी कां घालतात, हें मुलांच्या आपोआप ध्यानांत आलें. तिसऱ्या खेपेस पाणी पहिल्याइतकेंच दिलें, परंतु तळाचीं बुचें काढून ठेविलीं. भोंकांतून पाणी वाहूं लागलें, नळींतील पातळी चढली नाहीं, आणि डोंगर उभा राहिला. पेटी तीच, माती तीच, पाऊस तोच. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर या तिसऱ्या खेपेनें दिलें.

गवताच्या भागाविषयीं मात्र सावधपणें लिहिलें पाहिजे. पहिल्या खेपेस तो टिकला व टाळ्या झाल्या. पण पाणी तसेंच चालू ठेविलें तेव्हां गवताचा गालिचा मुळांसकट, न फाटतां, सबंधच्या सबंध खालीं आला. झाडें लावलीं म्हणजे दरडी थांबल्या, असें सभांतून पुष्कळदां ऐकूं येतें. तें अर्धेंच खरें आहे. मुळें जेथवर पोंचतात तेथवर माती बांधून ठेवितात, पानें पावसाचा मारा सोसतात, व झाड जमिनींतलें पाणी शोषून हवेंत सोडतें. उथळ घसरणीस यामुळें मोठाच आळा बसतो. परंतु घसरणीचा सांधा मुळांच्याही खालीं असेल तर झाडेंही डोंगराबरोबर प्रवास करितात. दुसरी एक गोष्ट कमी लोकांस ठाऊक असते. झाड तोडलें तरी त्याचीं मुळें लगेच नाहींशीं होत नाहींत. तीं कांहीं वर्षांनीं कुजतात. त्यामुळें तोडणाऱ्यास आपण कांहीं बिघडविलें असें तेव्हां दिसतच नाहीं.

पेटी म्हणजे डोंगर नव्हे, हेंही मुलांस बजावून सांगावें लागलें. लहानशा ढिगांत मातीचा चिकटपणा तिच्या वजनाच्या मानानें पुष्कळ पडतो. म्हणून पेटींतला उतार खऱ्या डोंगरापेक्षां उभट राहतो. इतके इंच पाऊस झाला कीं अमुक टेंकडी पडेल, असें गणित पेटीवरून कोणी मांडूं नये. तें गणित मांडण्यास त्या टेंकडीची माती, तिची जाडी, तिच्यांतील पाणी व आधींच्या दिवसांचा पाऊस हीं सर्व मोजावीं लागतात.

आतां माळीणकडे वळूं. तेथील घटनेचा विचार करणाऱ्यांनीं एकच कारण सांगितलेलें नाहीं. अतिवृष्टि तर होतीच. उतारावर कुजलेल्या खडकाचा व मातीचा जाड थर होता. झाडी कमी झाली होती. शेतीसाठीं उतार कापून सपाट पट्ट्या पाडल्या होत्या व त्या कामीं यंत्रेंही लाविलीं होतीं. सपाट पट्टींत पाणी थांबून मुरतें; आणि डोंगरानें शेंकडों वर्षांत आपल्या सोयीनें पाडलेल्या ओघळी मोडल्या, म्हणजे त्या पाण्यास बाहेर पडावयास वाट उरत नाहीं. बुचें मारलेल्या पेटीसारखी ती स्थिति. यांपैकीं कोणत्या कारणाचा वांटा किती, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत, व आम्हांस त्यांत निवाडा देण्याचा अधिकार नाहीं.

हें ऐकून त्याच शेतकरी गृहस्थांनीं विचारिलें, "मग आम्हीं बांध-चर घालूं नयेत काय?" अवश्य घालावे. आपल्या जिल्ह्यांत पाण्याच्या थेंबाचें मोल काय तें आम्हीं सांगावयास नको, आणि येथील बहुतेक शेतें मंद उताराचीं आहेत. तेथें पाणी अडविणें व जिरविणें हेंच शहाणपणाचें. प्रश्न येतो तो उभा उतार, त्यावर मातीचा जाड थर, आणि खालीं वस्ती असे तिन्ही योग एकत्र आले तर. तेथें पाणी जिरविण्यापेक्षां तें सुरक्षित वाटेनें बाहेर काढणें अगत्याचें. एकच औषध सर्व रोगांवर चालत नाहीं, हें वैद्यकांत सर्वांस मान्य आहे. शेतीच्या योजनांत मात्र त्याचा विसर पडतो.

माळीणचें पुनर्वसन जवळच आमडें येथें झालें व २ एप्रिल २०१७ रोजीं नवीं घरें गांवकऱ्यांच्या स्वाधीन झालीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत, पहिल्याच मोठ्या पावसांत, नव्या गांवांतील रस्ते खचले व भराव ठिकठिकाणीं सुटला. ज्यांनीं एकदां सर्वस्व गमाविलें त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल! नवा भराव कितीही ठोकला तरी पावसाळ्यांत तो बसतो. आणि उतारावर गांव वसवितांना घरांच्या भिंतींइतकेंच गटारांकडे व पाण्याच्या वाटांकडे लक्ष द्यावें लागतें, हें त्या जूनच्या पावसानें दाखविलें.

वणीकडील मुलांसाठीं एक हकीकत परदेशची. वेल्समध्यें ॲबरफॅन नांवाचें कोळसा-खाणीचें गांव आहे. खाणींतून निघालेला टाकाऊ माल तेथें गांवामागच्या डोंगरावर ढीग करून टाकीत असत. सातव्या क्रमांकाचा ढीग १९५८ मध्यें सुरू झाला, आणि तो ज्या जागीं घातला तेथें खालीं पाण्याचे झरे होते. हे झरे गुप्त नव्हते. नकाशांतही दाखविलेले होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं, बऱ्याच दिवसांच्या पावसानंतर, सकाळीं सव्वानऊच्या सुमारास तो ढीग पाण्यासारखा वाहत खालीं आला व गांवांतील प्राथमिक शाळेवर पडला. मुलें नुकतींच वर्गांत येऊन बसलीं होतीं. दुसऱ्या दिवसापासून सुटी लागावयाची होती. १४४ माणसें दगावलीं, त्यांत ११६ मुलें. चौकशी-मंडळानें दोष खाण चालविणाऱ्या मंडळाकडे दिला; आणि अशा ढिगांच्या सुरक्षिततेसाठीं ब्रिटनमध्यें १९६९ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्या देशांतही झारखंडांत लालमटिया येथें २९ डिसेंबर २०१६ रोजीं उघड्या खाणींतील उपसलेल्या मातीचा ढीग कोसळून तेवीस कामगार ठार झाले.

उकणी किंवा कोलारपिंपरी या बाजूस जे गेले असतील त्यांनीं हे ढीग पाहिले आहेत. त्यांच्या पायऱ्या कशा ठेवाव्या, उतार किती असावा, याचे खाणखात्याचे नियम आहेत व ते पाळणें हें मोठ्यांचें काम. मुलांचें काम इतकेंच कीं, गुरें घेऊन किंवा कोळसा वेंचावयास त्या ढिगांच्या पायथ्याशीं जाऊं नये, व पावसाळ्यांत तर मुळींच जाऊं नये. ज्वारीच्या राशीसारखाच तो ओतलेला ढीग आहे, आणि विश्रामकोनाच्या अगदीं कडेवर उभा असतो.

अलीकडच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रास या संकटानें वारंवार गांठलें आहे. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळीये गांवावर दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. त्याच सुमारास जवळच्या महाबळेश्वरास एका दिवसांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या जिल्ह्यांत वर्षभरांत जो पाऊस पडतो त्याच्या निम्म्याहून हा अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हातीं आले आणि सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत. ही वाडी दरडींचा धोका असलेल्या गांवांच्या यादींत नव्हती. यादी उपयोगाची असते, पण तींत नांव नाहीं म्हणून कोणी डोळे मिटून घेऊं नयेत, इतका बोध त्यांतून निघतो. त्याच आठवड्यांत, २२ जुलैस, आपल्या महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांडा पुरानें वेढला जाऊन चाळीसहून अधिक माणसें अडकलीं व वायुदलाचीं हेलिकॉप्टरें बोलवावीं लागलीं. म्हणजे पश्चिमेकडील तो पाऊस आपल्यापासून दूर होता असें समजण्याचें कारण नाहीं. पुढच्या वर्षीं, माळीणच्या घटनेस बरोबर दहा वर्षें होत असतां, ३० जुलै २०२४ रोजीं केरळांत वायनाड जिल्ह्यांतील मुंडक्कै व चूरलमला हीं गांवें दरडीखालीं गेलीं आणि दोनशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हिशेबानें, हिमाच्छादित प्रदेश वगळतां, देशाच्या भूमीपैकीं सुमारें १२.६ टक्के भागास दरडींचा धोका आहे. आमचे किती तरी विद्यार्थी पुढें पुण्या-मुंबईकडे शिकावयास व चाकरीस जातात. त्यांचीं घरें उद्यां कोणत्या टेंकडीखालीं असतील कोणास ठाऊक.

डोंगर बहुधा सुटण्यापूर्वीं खुणा देतो. माथ्याशीं उताराला आडवी भेग पडते. झाडें किंवा विजेचे खांब कलूं लागतात. घराचीं दारें-खिडक्या अकस्मात् घट्ट बसतात, कारण चौकट तिरकी झालेली असते. नेहमींचा निर्मळ झरा गढूळ होतो, किंवा जेथें कधीं पाणी नव्हतें तेथें पायथ्याशीं पाझर फुटतो. ओढ्याचें पाणी भर पावसांत एकाएकीं कमी झालें, तर वर कोठें तरी दरडीनें तें अडविलें असण्याचा संभव असतो व तें फुटून येण्याचें भय असतें. अशी खूण दिसली तर मुलांनीं स्वतः शहानिशा करावयास वर जाऊं नये. घरच्यांस, सरपंचांस किंवा तलाठ्यांस सांगावें, व उताराच्या वाटेंतून बाजूस सरावें. ज्या दिशेनें लोंढा येणार त्याच दिशेनें खालीं पळण्यांत अर्थ नसतो. पोखरलेल्या कडेखालीं बसून माती काढूं नये. विहिरीच्या कामावर जाणाऱ्या वडील मंडळींसही सांगतों कीं, उपसलेली माती विहिरीच्या अगदीं कडेवर ढीग करून टाकूं नये. तो भार त्याच कडेस पेलावा लागतो.

शेवटीं एक घरचा प्रयोग सांगतों, त्यास पेटी लागत नाहीं. आपल्या शेताच्या सपाट भागांत, नाल्याच्या कांठापासून दूर, काळ्या जमिनीस पडलेली एक भेग वडिलांच्या देखत निवडावी. तिच्या दोन्ही बाजूंस एकेक खुंटी भक्कम ठोकून दोहोंमधील अंतर मोजपट्टीनें मोजावें व तारखेसह वहींत लिहावें. पाऊस सुरू झाला कीं दर रविवारीं तेंच अंतर पुन्हां मोजावें, आणि त्या आठवड्यांत किती दिवस झड होती तेंही शेजारीं टिपावें. डोंगरावरची भेग रुंदावते कीं नाहीं हें याच रीतीनें पाहतात. सपाटीवर ओल्यानें माती फुगून अंतर घटावें, असा आमचा अंदाज आहे. उतारावरील भेगेचें तसें होत नाहीं. दिवाळीच्या सुटीनंतर ज्या मुलांच्या वह्या आमच्याकडे येतील, त्यांतील आंकडे एका मोठ्या तक्त्यावर मांडून तो तक्ता पेटीच्या मागील भिंतीवर लाविला जाईल.